खाजनातला कार्बन कोणाच्या पोटात जातो? बांधावर बसून मांडायचा जमाखर्च

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. ही अन्नसाखळी गोव्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला तोंडपाठ असते. घराच्या मागच्या खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीत, शेवटो (बोई मासा) काय खातो, असं विचारलं की मात्र तेच मूल गप्प होतं. माझी तक्रार त्याहून थोडी वेगळी आहे. पुस्तकातल्या साखळीत बाण असतात, पण त्या बाणांवर वजन लिहिलेलं नसतं. नाकतोड्याने खाल्लेल्या गवतातला किती भाग नाकतोडा झाला, किती लेंडीत गेला आणि किती श्वासावाटे हवेत परतला, हे त्या चित्रातून कळत नाही. आणि खरी गंमत तर तिथेच आहे.

म्हणून खाली दिलेली पद्धत कार्बनच्या वजनावर उभी आहे. ऊर्जेचा हिशोब घरी करता येत नाही, कारण ती उष्णता होऊन निसटते आणि उष्णता काट्यावर ठेवता येत नाही. कार्बनचा अणू मात्र कुठेही नाहीसा होत नाही. पानातून खेकड्यात, खेकड्यातून पाणमांजरात, तिथून हवेत किंवा चिखलात, असा तो कुठे ना कुठे सापडतोच. एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला खर्च मांडला की तुटीची जागा आपोआप दिसते.

हे काम आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना, त्यांच्या शिक्षकांना किंवा रविवारी दुर्बीण घेऊन मांडवीतल्या चोडण-दिवाडी बेटांच्या बांधांवर फिरणाऱ्या कोणालाही जमेल. लागणारं सामान म्हणजे ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, पानाच्या गादीवर मिळणारा साधा पांढरा चुना, काचेच्या तीन बरण्या, जुनी मच्छरदाणी, कांद्याची जाळीदार पिशवी आणि वही.

जागा आणि वेळ

खाजन का निवडायचं? भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली ही जमीन गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर आहे असं मानलं जातं, आणि तिच्यात तीन वेगवेगळी जगं एकमेकांना खेटून असतात. बांधाबाहेर खारफुटी आणि नदी, बांधाच्या आत पाण्याची पोय (साचलेल्या पाण्याचं तळं), आणि तिच्या पलीकडे भातशेत. या तिघांना जोडणारी वाट म्हणजे मानस, तो लाकडी फळ्यांचा दरवाजा. कार्बन मोजायला याहून सोयीची जागा मला ठाऊक नाही, कारण इथे आत-बाहेर जाण्याचा दरवाजा नजरेसमोर असतो.

पहिली फेरी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात करा. भात कापलेलं असतं, पेंढ्याचे खुंट पाण्यात कुजत असतात, पाहुणे पक्षी आलेले असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते, त्यामुळे बांधाबाहेरचा चिखल पुष्कळ उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असते, तेव्हा तेवढा दिसत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण ते एक तास पुढे सरकते, हे लक्षात ठेवून मुलांना बोलवा.

मानशीवरची मासेमारी बहुतेक ठिकाणी पावणीने (लिलावाने) दिलेली असते. तेव्हा ज्याने ती घेतली आहे त्याला आणि शेतकऱ्यांच्या संघटनेला आधी विचारा. शिवाय तुमच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्याच माणसाकडे असतात. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य 1988 पासून संरक्षित आहे; तिथे फक्त बघायचं, पानसुद्धा उचलायचं नाही. कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला मगरी आहेत. त्यामुळे पाण्यात उतरायचं नाही, काठावर पाय सोडून बसायचंही नाही. फोंडा तालुक्यातल्या काही गावांत पौष अमावास्येला खाजनाच्या काठी मातीची मगर करून पुजतात. अन्नसाखळीच्या टोकावर कोण बसलंय, हे त्या गावकऱ्यांना पुस्तकाआधीच माहीत होतं.

जमेची बाजू: कार्बन आत कुठून येतो

हवेत कार्बन डायऑक्साइड फार थोडा असतो. दहा हजार लिटर हवेत जेमतेम सव्वाचार लिटर. औद्योगिक क्रांतीच्या आधी तो तीन लिटरपेक्षाही कमी होता. एवढ्या विरळ साठ्यातून भाताचं शेत उभं राहतं, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. झाड माती खाऊन वाढतं, असं बारावीतली मुलंही मनातल्या मनात धरून चालतात. त्यांना पेंढ्याची काडी जाळून दाखवा. मातीतून आलेलं जे होतं ते राखेत उरलं. बाकीचं जवळजवळ सगळं हवेतून आणि पाण्यातून आलं होतं आणि परत हवेत गेलं.

खाजनात हे काम करणारे चार गट आहेत. चारही शोधून वहीच्या डाव्या बाजूला लिहा.

पहिला भात. जुन्या खाजनांत अजूनही कोरगूट हे जुनं वाण लावतात, कारण ते खारटपणा सोसतं. दुसरा गट खारफुटीचा: कांदळ, तिवर, चिपी, बांधाच्या कडेची काटेरी मारांडी. तिसरा गट डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, ज्यांच्यामुळे पोयीचं पाणी हिरवट दिसतं. चौथा गट हमखास विसरला जातो. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर उन्हात सोनेरी-तपकिरी साय आल्यासारखी दिसते. ती घाण नाही. ते करंडक शैवाल आहे, डायटम. झाडासारखं खोड-फांद्या उभारण्यात त्याचा कार्बन अडकून पडत नाही, त्यामुळे ते खाणाऱ्याला सहज पचतं. दिसायला एवढीशी असलेली ही साय शेवट्यांचं आणि लहान खेकड्यांचं मोठं जेवण आहे.

वजनाचा नियम सोपा आहे. झाडाचा कुठलाही भाग उन्हात आणि मग मंद आचेवर कडकडीत वाळवला की त्याच्या वजनाचा साधारण 45 टक्के भाग कार्बन असतो. पेंढ्यात वाळूसारखी सिलिका जास्त असल्याने तिथे 40 टक्के धरा. पिष्टाचा हिशोब तर रसायनशास्त्रातून थेट निघतो. त्यात 162 भागांपैकी 72 भाग कार्बन, म्हणजे 44 टक्के. त्यातलं पाणी आणि प्रथिनं धरून 100 ग्रॅम कोरड्या तांदळात 38 ग्रॅमच्या आसपास कार्बन येतो. एक चौरस मीटर शेतातले खुंट मालकाच्या परवानगीने कापून, धुऊन, वाळवून तोला आणि 0.4 ने गुणा. तुमच्या खाजनाचा पहिला खरा आकडा मिळाला.

जमेला एक तळटीप हवी. झाडाने हवेतून घेतलेल्या कार्बनपैकी साधारण निम्मा झाड स्वतःच्या श्वसनात वापरून परत सोडतं. तुम्ही तोललेला पेंढा ही उरलेल्या निम्म्यातली शिल्लक आहे.

कोण कोणाला खातं: ऐकीव नको, पुरावा हवा

इथून पुढे वहीत एक शिस्त पाळा. बाण काढायचा तो खाल्लेल्याकडून खाणाऱ्याकडे, कारण कार्बन त्या दिशेने जातो. मुलं नेमकी उलटी काढतात. खेकडा पानाकडे धावतो म्हणून बाणही पानाकडे. आणि प्रत्येक बाणाच्या बाजूला पुरावा लिहायचा. पुरावा नसेल तर बाण तुटक रेषेने काढायचा. पुस्तकात वाचलंय, हा पुरावा धरायचा नाही.

बांधाबाहेरच्या चिखलात छोट्या बिळांभोवती मोहरीएवढ्या गोळ्या पसरलेल्या दिसतील. त्या लेंड्या आहेत असं बहुतेकांना वाटतं. एक नांगी मोठी असलेला लहान खेकडा चिखल तोंडात घेतो, त्यातली शैवालं आणि सूक्ष्मजीव वेगळे काढतो आणि उरलेल्या चिखलाच्या गोळ्या करून टाकतो. म्हणजे त्या गोळ्या ताटात उरलेलं खरकटं आहेत. कांदळाखाली मात्र दुसऱ्या जातीचे, चौकोनी पाठीचे खेकडे असतात. ते गळलेली पानं ओढून बिळात नेतात. अर्धं पान बिळाबाहेर अडकलेलं दिसलं, तर त्याचा फोटो काढा. एवढा स्वच्छ पुरावा जंगलात वाघाच्या मागे फिरूनही मिळत नाही.

खंड्या ज्या काठीवर किंवा तारेवर बसतो, तिच्याखाली बघा. माशांची न पचलेली हाडं आणि खवले तो गोळी करून ओकतो. बांधावर एकाच जागी काळपट विष्ठा असेल, तिला माशाचा उग्र वास असेल आणि तिच्यात खवले व कुर्लीच्या (खेकड्याच्या) कवचाचे तुकडे असतील, तर ते पाणमांजराचं काम. हातमोजे घालून काडीने उकला, खवले आणि कवचं वेगळी मोजा.

सगळ्यात सोपा पुरावा बाजारात मिळतो. मानशीवर पकडलेला एक शेवटो आणि एक चणक (जिताडा) घ्या आणि साफ करताना पोटं फेकू नका. शेवट्याचं जठर कोंबडीच्या पोटातल्या अन्न दळणाऱ्या पिशवीसारखं जाड आणि स्नायूंचं असतं, आतडं भलतंच लांब, आणि आत बारीक काळा चिखल. तो चिखल चुकून गेलेला नसतो. शेवटो चिखल चाळून त्यातली शैवालं आणि कुजकट (कुजलेल्या पानांचे कण) खातो, आणि चिखलातले कण दळण्याच्या कामी येतात. चणकाचं जठर सैल पिशवीसारखं, आतडं आखूड, आणि नशीब असेल तर आत सुंगटं (कोळंबी) किंवा छोटे मासे सापडतात. काळुंद्र्या माशाच्या पोटात शैवाल, कुजकट, किडे असं मिश्रण निघेल. आतड्याची लांबी माशाच्या लांबीशी ताडून पाहा. वनस्पती आणि कुजकट खाणाऱ्याचं आतडं लांब, मांसाहाऱ्याचं आखूड, हा फरक पट्टीने मोजता येतो. रविवारी घरच्या मोरीवर होणारा हा तास वर्गातल्या चार तासांना भारी आहे. आईची परवानगी मात्र आधी घ्या.

मोठा दरवाजा मेलेल्यांचा

आता वहीतले बाण मोजा. हिरवं पान जिवंत असताना कोणी खाल्लं, असे बाण फार थोडे निघतील. खारफुटीच्या ताज्या पानात टॅनिन भरपूर असतं, चव तुरट, पोषण कमी. कापणीनंतरच्या खुंटांचंही तेच. गुरांनी खाल्लं तेवढं खाल्लं, बाकीचं पाण्यात. खाजनातला कार्बन जास्त करून मेल्यावरच दुसऱ्याच्या पोटात जातो. पुस्तकातल्या साखळीत या रस्त्याला शेवटी एक ओळ मिळते, 'विघटक'. माझ्या मते ती ओळ पहिल्या पानावर हवी.

गळलेलं पान पाण्यात पडलं की पहिल्या काही दिवसांत त्यातली साखर आणि टॅनिन विरघळून बाहेर येतात. पाण्याला चहाचा रंग येतो. मग त्यावर बुरशी आणि जिवाणू चढतात. ते पानातला कार्बन खातात, पण त्याचबरोबर पाण्यातलं नायट्रोजन गोळा करून स्वतःच्या शरीरात बांधतात. त्यामुळे कुजणारं पान दिवसेंदिवस हलकं होतं आणि तरी जास्त पौष्टिक होत जातं. सुंगटं ते काळं, बुळबुळीत पान कुरतडतात तेव्हा त्यांना खरं जेवण मिळतं ते पानावरच्या सूक्ष्मजीवांचं. पानाचा बराचसा भाग तसाच बाहेर पडतो, त्यावर पुन्हा जिवाणू चढतात, पुन्हा कोणीतरी ते खातं. एकच कार्बन असा चार-पाच वेळा ताटात येऊ शकतो.

खाजन शेतकऱ्याला हे शास्त्राच्या भाषेत सांगावं लागत नाही. पावसाळी भात निघालं की मानस उघडून भरतीचं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर सुंगटांची आणि माशांची पिल्लं आत येतात, आणि कुजणाऱ्या खुंटांवर ती वाढतात. तांदूळ माणसाच्या पोटात, पेंढा सुंगटाच्या पोटात, सुंगट पुन्हा माणसाच्या पोटात. त्याच शेतातून दोन पिकं निघतात आणि दोन्हींचं मूळ पावसाळ्यात भाताने हवेतून ओढलेल्या कार्बनमध्ये आहे.

हे मोजायची रीत अशी. कांदळाची किंवा तिवराची पिवळी होऊन नुकतीच गळलेली पानं गोळा करा. फांदीवरची तोडू नका, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. पानं वाळवून वीस-वीस ग्रॅमचे वाटे करा. अर्धे वाटे मच्छरदाणीच्या कापडात शिवा, अर्धे कांद्याच्या जाळीदार पिशवीत बांधा. प्रत्येकात पेन्सिलीने क्रमांक लिहिलेला प्लास्टिकचा तुकडा टाका, कारण शाई पुसली जाते. दोन्ही प्रकारच्या पिशव्या काही पोयीत आणि काही बांधाबाहेर, पाण्याखाली राहतील अशा खुंटीला बांधा. दोन, चार आणि आठ आठवड्यांनी प्रत्येक जागेवरून एकेक जोडी काढा, गाळणीत हलक्या हाताने धुवा, वाळवा, तोला.

समजा, चार आठवड्यांनी मच्छरदाणीतलं वजन 20 वरून 12 ग्रॅम झालं. गेलेले 8 ग्रॅम गुणिले 0.45, म्हणजे 3.6 ग्रॅम कार्बन पानातून बाहेर पडला. मच्छरदाणीत खेकडे आणि सुंगटं शिरू शकत नाहीत, म्हणून हे काम मुख्यतः जिवाणू-बुरशीचं आणि पाण्याने विरघळवलेल्याचं. कांद्याच्या पिशवीतून जास्त गेलं असेल, तर फरक मोठ्या प्राण्यांच्या नावावर टाका. पण काही तुकडे भोकांतून नुसते गळूनही गेले असतील, हे कंसात लिहून ठेवा. दुसरी खबरदारी चिखलाची. पानाला चिकटलेला गाळ वजन फुगवतो. वाळलेल्या नमुन्यातला एक ग्रॅम उघड्यावर पत्र्याच्या तुकड्यावर पूर्ण जाळा आणि राख तोला. ताज्या पानाच्या राखेपेक्षा जितकी जास्त, तितका गाळ धरून वजा करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक ग्रॅमची राख नीट मोजली जात नाही. दागिन्यांचा काटा मिळाला तर उत्तम, नाहीतर पाच ग्रॅम जाळा.

एक इशारा. काळं पान सुंगटाच्या तोंडात दिसलं म्हणून सुंगटाचं सगळं शरीर खारफुटीचं बनलंय असं लिहू नका. कार्बनचे हलका आणि जड असे दोन टिकाऊ प्रकार असतात, 12 आणि 13. वेगवेगळ्या वनस्पतींत त्यांचं प्रमाण किंचित वेगळं असतं आणि खाणाऱ्याच्या शरीरात ते जवळजवळ तसंच उतरतं. या खुणेवरून अनेक देशांतल्या खारफुटींत असं दिसलं की कितीतरी सुंगटं आणि मासे पानांपेक्षा शैवालावर जास्त वाढतात. भात आणि खारफुटी यांची खूण एकमेकांच्या फार जवळ असल्याने खाजनात हा माग आणखी अवघड होतो. तुमच्या वहीत करंडक शैवालाचा बाण बारीक असेल, तर तो थोडा जाड करा.

श्वासाचा बाण

इथे चुना लागतो. लिटरभर पाण्यात चमचाभर साधा चुना हलवा, रात्रभर ठेवा आणि वरची निवळी अलगद वेगळी करा. बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद ठेवा, नाहीतर हवेनेच ती गढूळते. डोळ्यांत जाऊ देऊ नका. स्ट्रॉने तिच्यात फुंकर मारली की ती दुधाळ होते. फुंकत राहिलं तर काही वेळाने पुन्हा निवळते, आणि प्रयोग बिघडला म्हणून मुलं ओतून देतात. ओतू नका, पुढे तिचं काम आहे.

आता तीन बरण्या. एकीत मोड आलेले मूग, दुसरीत खाजनातला ओला चिखल आणि कुजकी पानं, तिसरी रिकामी. प्रत्येकीत निवळीची छोटी वाटी ठेवून झाकण बंद करा आणि रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी मूग आणि चिखलाच्या वाटीवर जाड पांढरी साय असेल, रिकाम्या बरणीत अगदी पातळ. रिकामी बरणी नसेल तर या प्रयोगाला अर्थ नाही, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड तर सगळीकडेच आहे. चिखल श्वास घेतो, हे मुलांना एकदा या बरणीत दिसलं की विघटक हा शब्द त्यांना शिकवावा लागत नाही.

खाजनाच्या काळ्या चिखलाला कुजक्या अंड्याचा वास येतो, तोही हिशोबाचा भाग आहे. चिखलात दोन बोटं खोल गेलं की प्राणवायू संपतो. खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, म्हणून तिथले जिवाणू त्याच्या मदतीने कार्बन जाळतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. पावसाळ्यात शेतात गोडं पाणी साचलं की सल्फेट कमी होतं आणि मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना वाव मिळतो. तोही कार्बनच, फक्त वेगळ्या रूपात हवेत परतणारा. पावसात शेतातून बुडबुडे येताना दिसले तर तारीख टाकून नोंद करा.

आकडे भरायचे कसे

एक किलोचा चणक घ्या. ताज्या माशात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. उरलेल्यातला कार्बन काढला तर एक किलो माशात ढोबळमानाने 100 ग्रॅम. तो बनवायला त्याने किती खाल्लं असेल?

अन्नसाखळीत प्रत्येक पायरीला साधारण दहावा हिस्सा पुढे जातो, असं शिकवतात. रेमंड लिंडमन यांनी 1942 साली एका तळ्याच्या अभ्यासातून पायरीपायरीचा हा विचार ऊर्जेच्या हिशोबात मांडला. दहा टक्के हा पुढे रूढ झालेला अंदाज. कार्बनला तो ढोबळमानाने चालतो, पण त्याला नियम म्हणणं मला पटत नाही. मासे, सुंगटं, खेकडे शरीर गरम ठेवायला काही खर्च करत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात वीस टक्क्यांपर्यंतही शिल्लक पडू शकते. बगळा आणि पाणमांजर गरम रक्ताचे. त्यांच्याकडे दोन-चार टक्केही उरले तर पुष्कळ. म्हणून एकच आकडा लिहू नका, दोन टोकं लिहा.

दहा टक्क्यांनी: 100 ग्रॅम कार्बनचा चणक, त्यासाठी 1 किलो कार्बन असलेली सुंगटं आणि छोटे मासे, त्यांच्यासाठी 10 किलो कार्बनचं कुजकट, म्हणजे सुमारे 22 किलो वाळलेली पानं. वीस टक्क्यांनी: 500 ग्रॅम, मग अडीच किलो, म्हणजे साडेपाच किलो पानं. एका माशामागे साडेपाच ते बावीस किलो. मधल्या जिवाणूंची पायरी वेगळी धरली तर आकडा आणखी वाढेल. हा पल्ला मोठा वाटतो, पण तो प्रामाणिक आहे. मुलांना एकच नेमकं उत्तर हवं असतं, तेवढा हट्ट मोडा.

आणि उरलेला ऐंशी-नव्वद टक्के? काही विष्ठेतून चिखलात, तिथे पुन्हा दुसऱ्याच्या ताटात, बाकीचा श्वासावाटे. माणसाचंही हेच. प्रौढ माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याच्या 44 भागांत 12 भाग कार्बन, म्हणजे 270 ग्रॅमच्या आसपास. दिवसभराच्या भात, कढी, मासे, भाकरी, नारळात कार्बन साधारण तेवढाच असतो. वजन स्थिर असेल तर खाल्लेला जवळजवळ सगळा कार्बन आपण फुंकून टाकतो.

शिंपल्याचा फसवा रकाना

तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून त्यातली शैवालं खातात, त्यामुळे त्यांचं मांस अन्नाच्या खात्यात बसतं. कवच तिथे बसत नाही. तिसऱ्यांचं रिकामं कवच माडाच्या विनागरीत (व्हिनेगरमध्ये) टाका, बुडबुडे येतील. तो कवचातला कार्बन, वजनाच्या 12 टक्के. पण तो बहुतांश अन्नातून आलेला नसतो. तो पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून येतो, म्हणजे मघाशी फुंकत राहिल्यावर निवळलेल्या त्या पाण्यात जे तयार झालं होतं, तेच. आणि कवच बनताना थोडा कार्बन डायऑक्साइड उलट पाण्यात सुटतो. त्यामुळे शिंपले म्हणजे कार्बनची तिजोरी, असं कोणी सांगितलं तर मान हलवण्याआधी हे आठवा. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं आहेत. तिथे तो कार्बन शंभर वर्षं शांत बसलेला आहे खरा, पण त्याचा रकाना वेगळा.

खर्चाची बाजू आणि तक्ता

कार्बन खाजनाबाहेर जाण्याच्या वाटा मोजक्या आहेत. कापलेलं भात घरी. मानशीतली मासळी आणि सुंगटं बाजारात. पकडणाऱ्याकडून किलोचा अंदाज मिळाला तर माशांसाठी त्याचा दहावा भाग कार्बन धरा. ओहोटीच्या पाण्याबरोबर वाहून गेलेली पानं आणि चहाच्या रंगाचं विरघळलेलं द्रव्य. खाऊन उडून गेलेले पक्षी. सगळ्यात मोठी वाट श्वसनाची. शिवाय चिखलात प्राणवायूविना गाडला गेलेला, फार हळू कुजणारा भाग. तो तुमच्या आयुष्यात बाहेर येणार नाही, म्हणून त्याला खर्चात न धरता साठा म्हणून वेगळी ओळ द्या.

मोठ्या चार्टपेपरवर खाजनाचा आडवा छेद काढा: नदी, खारफुटी, बांध, मानस, पोय, शेत. प्राणी त्यांच्या जागी. हिरवे बाण जिवंत खाल्ल्याचे, तपकिरी मेलेलं खाल्ल्याचे, निळे श्वासाचे. पुरावा नसलेले तुटक. जाडी आकड्याप्रमाणे. प्रत्येक प्राण्यापाशी तपासा: आत आलेला कार्बन बरोबर वाढ अधिक विष्ठा अधिक श्वास. जिथे जुळत नाही तिथे आकडा ओढूनताणून बसवू नका, लाल पेनने 'तूट' लिहा. तूट बहुधा तीन ठिकाणी सापडते: विरघळलेला कार्बन मोजलेला नसतो, चिखलावरची साय धरलेली नसते, किंवा रात्री येणारा पाहुणा कोणी पाहिलेला नसतो. पहिल्या दोन्हींबद्दल वर सांगितलंच आहे. तिसऱ्यासाठी संध्याकाळी बांधाचा थोडा भाग ओल्या चिखलाने सारवून ठेवा आणि पहाटे कोणी चालायच्या आत पावलांचे ठसे बघा.

हाच तक्ता आषाढात पुन्हा काढा. मानशीतून खारं पाणी आत घेणं तेव्हा बंद असतं, शेतात गोडं पाणी आणि कोवळं भात, पोयीत बेडकांची पिल्लं. नाकतोडे, बेडूक आणि धामण, ही पुस्तकातली मंडळी तेव्हा खरोखर हजर असतात आणि हिरवे बाण जाड होतात. दोन्ही कागद शेजारी लावताना प्रमाण एकच ठेवा, म्हणजे एक सेंटिमीटर जाडी म्हणजे किती ग्रॅम, हे दोन्हींवर सारखं असू द्या. नाहीतर पावसाळ्याचा बाण जाड आहे की फक्त पेन जाड होतं, हे पुढच्या वर्षीच्या मुलांना कळणार नाही.